शुक्रवारी निघा, मंगळवारी परत या : सोलापूरकरांचं हैदराबाद

सोलापूरकराला राजधानी म्हटलं की आधी मुंबई आठवते. पण मुंबई साडेचारशे किलोमीटर लांब, आणि मार्केट यार्डावरून जो 'हैदराबाद रोड' सुटतो तो तीनशे दहाच्या आसपास किलोमीटरमध्ये थेट तेलंगणाच्या राजधानीत नेऊन सोडतो. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, त्यांना तर ही सहल माहेरी गेल्यासारखीच. तरीही बरेच जण तिथून अर्धवट बघून परततात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: वार चुकतो.

शुक्रवारी जुन्या शहरातली निम्मी दारं बंद असतात. सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला पॅलेस, पुरानी हवेलीतलं निजामाचं संग्रहालय, कुतुबशाही कबरी, सगळ्यांची सुट्टी शुक्रवारीच. सोमवारी नेहरू प्राणिसंग्रहालय आणि हुसेनसागरकाठचं लुंबिनी पार्क बंद. म्हणून शुक्रवार प्रवासात घालवायचा, शनिवार गोवळकोंड्याला, रविवार चारमिनारला, सोमवार रामोजी फिल्म सिटीला आणि मंगळवारी घरी. हा क्रम फिरवला तर कुठल्या तरी कुलपासमोर उभं राहावं लागतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात तिथला पारा सोलापूरइतकाच चढतो, आणि गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवर सावली शोधूनही सापडत नाही. संक्रांतीला हैदराबादचे रस्ते ओस पडतात, कारण अर्धं शहर गावी गेलेलं असतं. पण त्याच दिवसांत विजयवाड्याकडचा महामार्ग, म्हणजे रामोजीचा रस्ता, तुंबतो. तसाही गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा सोडून कुठला सोलापूरकर गावाबाहेर पडणार म्हणा. यात्रा आटोपल्यावर निघालं तर आणखी एक लाभ: नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर भरणारं 'नुमाईश'. १९३८ पासूनची ही जत्रा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी चालते. काश्मिरी शालीपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं एका मैदानात मिळतं आणि संध्याकाळ सहज निघून जाते.

शुक्रवार : रस्ता आणि हुसेनसागर

गाडीने जायचं तर सकाळी सहाला सोलापूर सोडावं. राष्ट्रीय महामार्ग ६५ हाच अखेरपर्यंत धरायचा: नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, पुढे तेलंगणातलं जहीराबाद, संगारेड्डी, पटणचेरू. मधे थांबत गेलं तर सात तास धरा. टाकी कर्नाटकाच्या हद्दीत भरून घ्यावी, तेलंगणात इंधन महाग आहे.

या रस्त्याला इतिहास आहे आणि तो सोलापुरातूनच सुरू होतो. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यावर चालून गेलेल्या भारतीय फौजेची मुख्य तुकडी याच वाटेने निघाली. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात आला आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल पाहण्यासारखा आहेच, पण तो जाताना पाहू नये. दोन तास तिथे गेले की हैदराबादेतली संध्याकाळ तोकडी पडते. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहत असतील तर गोष्ट वेगळी. थांबायचंच तर हुमनाबादला, माणिकनगरात. महामार्गापासून थोड्याच अंतरावर माणिकप्रभूंचं समाधिस्थान आहे, आवार शांत आहे आणि तिथे मराठी चालते.

खरी अडचण पटणचेरूच्या पुढे सुरू होते. मियापूर, कुकटपल्ली, अमीरपेठ हा पट्टा संध्याकाळी पाच ते नऊ अक्षरशः रांगतो. त्यावर उपाय म्हणजे मियापूर मेट्रो स्थानक. ते याच महामार्गावर आहे. वाहनतळात जागा मिळाली तर गाडी तिथेच ठेवून लाल मार्गाची मेट्रो धरावी. शहरात फिरायला गाडी लागत नाही, उलट जुन्या शहरात ती डोक्याला ताप होते.

रेल्वे त्याहून सोयीची. मुंबईहून येणारी हुसेनसागर एक्सप्रेस पहाटे सोलापुरात येते आणि दुपारी बाराच्या सुमारास हैदराबादला पोचवते. वाडी, तांडूर, विकाराबाद असा मार्ग. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर असेल तर वाटेत काही विकत घ्यावं लागत नाही. नेमक्या वेळा आणि आरक्षण निघण्याआधी तपासून घ्या, पण उतरायचं कुठे हे तिकीट काढतानाच ठरवा, कारण हैदराबादला एक स्टेशन नाही. लिंगमपल्ली पश्चिमेला, हायटेक सिटीकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे जायचं असेल तर. बेगमपेठला निळ्या मार्गाची मेट्रो हाताशी. तिकिटावर 'हैदराबाद डेक्कन' लिहिलेलं असतं ते नामपल्ली, लाल मार्गावर, जुन्या शहराला सर्वात जवळचं. सिकंदराबाद पार दुसऱ्या टोकाला. नामपल्लीला मुक्काम आणि तिकीट सिकंदराबादचं, असं झालं की रिक्षाचे पैसे आणि तासभर वेळ दोन्ही जातात.

एसटीने गेलं तर महात्मा गांधी बस स्थानक, लोक त्याला इमलीबन म्हणतात. मेट्रोचे लाल आणि हिरवा हे दोन मार्ग तिथेच मिळतात. महिलांसाठी एक सूचना: आपल्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, आणि तेलंगणातला मोफत बसप्रवास तिथल्या रहिवासी महिलांनाच, ओळखपत्र दाखवून. वाहकाशी वाद घालून उपयोग नाही.

मुक्काम लकडी का पूल ते नामपल्ली या पट्ट्यात करावा. बिर्ला मंदिर, हुसेनसागर आणि जुनं शहर तिथून जवळ, आणि लाल मार्ग एका बाजूला मियापूर, दुसऱ्या बाजूला एल. बी. नगर गाठून देतो. हायटेक सिटीकडची हॉटेलं फोटोत चकचकीत दिसतात, पण तिथून चारमिनार म्हणजे रोजची वारी.

संध्याकाळी आधी बिर्ला मंदिर. नौबत पहाडावरचं हे संगमरवरी व्यंकटेश्वर मंदिर १९७६ चं. दुपारी बंद असतं, म्हणून चारनंतर जावं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. प्रत्येकाचा फोन वेगळा जमा करण्यापेक्षा सगळ्यांचे एका पिशवीत घालून एकच टोकन घेतलं तर परतताना रांग वाचते. वरून हुसेनसागर आणि नव्या सचिवालयाचे घुमट दिसतात. सचिवालयाजवळच डॉ. आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा आहे, १४ एप्रिल २०२३ ला अनावरण झालेला. घडवणारे राम सुतार मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातले.

तिथून लुंबिनी पार्क. तलाव १५६२ च्या सुमाराचा, इब्राहिम कुतुबशहाच्या काळात बांधलेला. मधल्या खडकावर बुद्धाचा अखंड ग्रॅनाइटचा १८ मीटर उंच पुतळा उभा आहे. १९९० च्या मार्चमध्ये तराफ्यावरून नेताना तो तलावात बुडाला, त्यात माणसंही दगावली, आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये तो वर काढून बसवला गेला. साडेतीनशे टनांच्या आसपास वजनाची ही मूर्ती जवळजवळ पावणेतीन वर्षं पाण्याखाली होती हे नावेतून जाताना मुलांना सांगावं, नाहीतर त्यांचं सगळं लक्ष स्पीडबोटीकडे असतं. मोठ्या नावेने बुद्धापर्यंत जाऊन उतरता येतं. स्पीडबोट नुसती चक्कर मारते. घरात वडीलधारी मंडळी असतील तर मोठी नावच बरी. शेवटची फेरी चुकू नये म्हणून सहाच्या आत तिकीट काढावं आणि अंधार पडल्यावर लेझर शोला बसावं. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. अनंत चतुर्दशीला मात्र इकडे फिरकूच नका. १९५४ पासून बसणाऱ्या खैरताबादच्या अवाढव्य गणपतीसह शहरभरच्या मूर्ती इथेच येतात आणि टँक बंड, म्हणजे तलावाच्या बांधावरचा रस्ता, वाहनांना बंद होतो.

शनिवार : गोवळकोंडा

किल्ला नऊला उघडतो. नऊलाच दारात हजर असावं, आणि हा सल्ला नुसता उन्हासाठी नाही. बाला हिसार दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते, ही गोवळकोंड्याची सगळ्यात प्रसिद्ध गंमत. घुमटाचे कोरीव कोपरे आवाज गोळा करून वर फेकतात. दारावर कोण आलंय याची खबर माथ्यापर्यंत पोचवायची ही युक्ती. अकरानंतर मात्र तिथे एकाच वेळी शंभर माणसं टाळ्या पिटत असतात आणि वर नुसता गलका पोचतो. सकाळी दोघांनी खाली थांबावं, बाकीच्यांनी माथ्यावर जावं, फोनवर वेळ ठरवून टाळी वाजवावी. घुमटाच्या बरोबर मधोमध उभं राहायचं. चार पावलं बाजूला सरकलं तरी फरक पडतो.

लकडी का पुलापासून किल्ला साधारण दहा किलोमीटर. मेट्रो तिथे जात नाही. मेहदीपट्टणमहून सिटी बस मिळते. चौघं असाल तर रिक्षा किंवा टॅक्सी परवडते. तिकीट २५ रुपयांच्या घरात, आणि रांगेत उभं राहण्यापेक्षा दारावरचा कोड स्कॅन करून काढलं तर लवकर आत जाता येतं. माणशी एक लिटर पाणी बरोबर हवंच. पायात बूट किंवा पट्ट्याच्या चपला. गुळगुळीत तळव्याची पादत्राणं उतरताना दगा देतात.

चढ साडेतीनशेच्या वर पायऱ्यांचा, पण टप्प्याटप्प्याने. नगीना बाग, मग रामदासाची कोठडी, पुढे मशीद, महाकालीचं देऊळ आणि माथ्यावर बारादरी. रामदास म्हणजे भद्राचलमचा तहसीलदार कंचर्ल गोपन्ना. सरकारी वसुलीतून रामाचं देऊळ बांधलं म्हणून तो इथे कैदेत पडला. भिंतीवर त्याने कोरलेल्या मूर्ती अजून दिसतात. पूर्व भागातल्या भजनी मंडळांना हे नाव नवीन नाही. माथ्यावर वारा असतो, तिथे अर्धा तास बसावं. तिथून कुतुबशाही कबरींचे घुमट दिसतात, आणि पाणी इथवर कसं चढवत असतील हा प्रश्न आपसूक पडतो. रहाटांनी एका टाक्यातून वरच्या टाक्यात, आणि मातीच्या नळांतून महालांत. नळांचे तुकडे भिंतीत काही ठिकाणी उघडे पडले आहेत. वाटाड्याला विचारलं तर दाखवतो.

उतरायला दुसरा रस्ता आहे, तो राणीमहालाच्या भग्न वाड्यांकडे जातो. बघण्यासारखं त्या बाजूला जास्त आहे, पण पायऱ्या उंच आणि खड्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आल्या वाटेनेच परतावं आणि खाली येऊन राणीमहालाकडे सपाटीने जावं. वाटाड्या घ्यायचा तर पैसे आधी बोलून घ्यावेत, आणि 'वरपर्यंत येणार का' हेही. काही जण टाळीचा खेळ दाखवून खालूनच निरोप घेतात.

वाटाड्यांच्या गोष्टीत शिवाजी महाराज येतातच. १६७७ मध्ये दक्षिण मोहिमेवर जाताना महाराज भागानगरात, म्हणजे हैदराबाद शहरात आले, अबुल हसन कुतुबशहाला भेटले आणि मोहिमेसाठी करार झाला. मादण्णा आणि अक्कण्णा हे त्याचे कारभारी या मसलतीतले मुख्य. भेटीची जागा म्हणून गडावरची कुठलीही खोली दाखवली तर हसून पुढे जावं. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला. गड तोफांनी पडला नाही, आतल्या माणसाने दार उघडलं तेव्हा पडला. अबुल हसनला दौलताबादला कैदेत ठेवलं. त्यामुळे इथल्या आठ सुलतानांपैकी त्याचीच कबर गोवळकोंड्यात नाही, ती आपल्याकडे खुलताबादला आहे.

बाकीचे सातही जण दीड-दोन किलोमीटरवर बंजारा दरवाजाबाहेर आहेत. किल्ल्यानंतर लोक दमतात आणि कबरी वगळतात. चूक आहे ती. उलट किल्ल्यातल्या पडक्या भिंतींवरून जे कळत नाही ते इथे नीट दिसतं: चौकोनी बैठक, कमानींची ओवरी, वर कमळाच्या पाकळ्यांतून उगवलेला घुमट. २०१३ पासून आगाखान ट्रस्टने इथे दुरुस्तीचं मोठं काम केलं, चुन्याच्या गिलाव्यातलं नक्षीकाम जुन्या पद्धतीनेच परत केलं. मुहम्मद कुली कुतुबशहाची, म्हणजे ज्याने हैदराबाद वसवलं त्याची, कबर सगळ्यांत भव्य. ती झाली की बडी बावडी शोधा. २०१३ च्या पावसात हिची एक बाजू कोसळली होती, ती दगड न् दगड लावून पुन्हा उभी केली. गोवळकोंड्याच्या या विहिरींना २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आवारात झाडं आहेत, बाकं आहेत, दुपारचे दोन तास इथेच काढावेत.

संध्याकाळी पश्चिमेकडेच राहावं. परत शहरात जाऊन पुन्हा इकडे येण्यात अर्थ नाही. माधापूरचं शिल्पारामम हायटेक सिटी मेट्रोपासून जवळ आहे: हातमाग, मातीची भांडी, लाकडी खेळणी. आपल्याकडच्या मंडळींना हातमागाचं अप्रूप कमी, पण पोचमपल्लीची इकत साडी इथे हात लावून बघता येते. सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पसरट दिसतात. कडा सुरीने कापल्यासारखी असेल आणि उलट बाजू फिकी, तर ती छपाई. दुर्गम चेरुवूवरचा २०२० चा केबल पूल दिवे लागल्यावर बघावा. गोवळकोंड्याच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमालाच थांबायचं असेल तर त्या दिवशी कुठल्या भाषेत आहे ते सकाळी तिकीट काढतानाच विचारून ठेवा. परतीला रायदुर्ग किंवा हायटेक सिटीहून निळा मार्ग, अमीरपेठला उतरून लाल.

रविवार : चारमिनारच्या भोवती

आज मेट्रो महात्मा गांधी बस स्थानकापर्यंतच. जुन्या शहरात ती अजून पोचलेली नाही. पुढचे दोन किलोमीटर रिक्षाने, किंवा मुसी ओलांडून पायी. ही बारीकशी दिसणारी नदी १९०८ च्या सप्टेंबरात शहर बुडवून गेली होती. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले.

आठच्या आत चारमिनारला पोचून आधी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. चहा आणि दूध वेगवेगळं तापवून ठेवतात आणि पेल्यात एकत्र करतात, दूध आटवलेलं असतं, त्यामुळे साखर आधीच भरपूर. 'कम शक्कर' म्हणून उपयोग नाही. बिस्किट किंचित खारट, बुडवलं की लगेच विरघळतं.

चारमिनार १५९१ चा, उंची सुमारे ४९ मीटर. साडेनऊला वर सोडायला लागतात. पायऱ्या १४९, गोल, अरुंद आणि उंच. वर नेतात ते पहिल्या मजल्यापर्यंतच. दहानंतर रांग वाढते आणि मग जिन्यात थांबत थांबत चढावं लागतं, ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याने टाळलेलं बरं. वरून चारही रस्ते आणि चार कमानी दिसतात. शहराची आखणी इथूनच झाली हे खालून समजत नाही.

शेजारी मक्का मशीद. १६१७ मध्ये सुरू झालेलं काम १६९४ ला, औरंगजेबाच्या काळात पुरं झालं. नमाजाची वेळ सोडून जावं, हाफ पँट चालत नाही, ओढणी बरोबर ठेवावी.

खिलवतच्या रस्त्याने पाच-सात मिनिटं चाललं की चौमहल्ला. निजामांचं हे दरबाराचं ठिकाण. खिलवत मुबारकमधली बेल्जियन झुंबरं बघून लोक परत फिरतात. मागच्या बाजूला मोटारी आहेत, त्यात १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस. दीड तास पुरे.

जेवणाची वेळ साधायला हवी. कच्च्या गोश्तची बिर्याणी म्हणजे मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण खाली, अर्धवट शिजलेला तांदूळ वर, झाकण कणकेने बंद आणि मंद आचेवर दम. दुपारची हंडी साडेबारा-एकला फुटते, तेव्हा तांदूळ मोकळा आणि खालचा मसाला ओलसर असतो. चारला तीच बिर्याणी कोरडी पडते, आणि मग लोक हैदराबादी बिर्याणीला नावं ठेवतात. 'सिंगल' प्लेट दोन माफक जेवणाऱ्यांना पुरते, आधी एकच मागवा. मिरची का सालन आणि दही सोबत येतंच. शेवटी खुबानी का मीठा. रमजानमध्ये गेलात तर संध्याकाळी हलीम: गहू आणि मटण दहा-बारा तास घोटून केलेलं, २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. शाकाहारी मंडळींनी कोटी-आबिड्सकडे तेलुगू ताट गाठावं. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, पण पोडी (कोरडी चटणी) आणि तुपाचा पहिला भात झाल्याशिवाय बाकीच्या वाट्यांकडे वळू नये.

दुपारच्या उन्हात सालारजंग. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. दालनं तीसच्या वर आहेत, सगळी बघायचा हट्ट केला की शेवटी काहीच लक्षात राहत नाही. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची 'व्हील्ड रिबेका' आधी: संगमरवरात ओला, पारदर्शक पदर. मग एकाच लाकडात दोन बाजूंना दोन माणसं कोरलेली मूर्ती. मागे आरसा आहे, तो न बघता पुढे जाणारे पुष्कळ. वाजणाऱ्या घड्याळासमोर तासाच्या दहा मिनिटं आधी जागा धरा. दर तासाला आतून बाहुला येतो आणि तितके ठोके देऊन आत जातो. बाराच्या ठोक्यांना सगळ्यात मजा, त्यासाठी दिवसाचा क्रम उलटा करून सकाळी दहाला इथेच यावं लागेल. मुलं असतील तर करावा.

पाचनंतर लाड बाजार. इथे घाई करू नये. लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाख निखाऱ्यावर मऊ करून लांबट वळतात, गोल करतात आणि गरम असतानाच खडे एकेक करून दाबतात. खडे नुसते गोंदाने चिकटवलेले असतील तर नखाने हलतात. बांगडी पिसासारखी हलकी लागली तर प्लॅस्टिक. मापाची सगळ्यात जास्त फसगत होते: बांगडी काचेची असो की लाखेची, दबत नाही. घरच्या बांगडीचं माप, दोन-चार, दोन-सहा जे असेल ते, लिहून न्यावं किंवा एक जुनी बांगडीच न्यावी. थोडं लहानमोठं असेल तर कारागीर गरम करून तिथेच जुळवून देतो. भाव पहिल्यांदा सांगतील त्याच्या निम्म्यावरून सुरू करायचा, आणि उन्हात उभ्या गाडीत बांगड्या ठेवायच्या नाहीत: लाख मऊ पडून खडे गळतात.

मोती पत्थरगट्टीत. हैदराबादेत मोती पिकत नाहीत, ते बाहेरून येतात. शहराचं कसब भोकं पाडण्यात आणि ओवण्यात. दोन मोती एकमेकांवर हलके घासले तर अस्सल किंचित खरखरीत लागतात, नकली गुळगुळीत घसरतात. सगळे मणी हुबेहूब एकसारखे गोल आणि किंमत कमी, तर समजून जावं. सर घेताना दोन मण्यांमध्ये गाठ आहे का ते बघा. गाठ नसली की एका ठिकाणी दोरा तुटला आणि सगळे मोती जमिनीवर. पक्कं बिल मागावं, आणि रिक्षावाला ज्या दुकानात आपणहून नेतो तिथे फक्त पंख्याखाली बसून पाणी प्यावं.

परतीच्या वाटेवर मोअज्जमजाही मार्केट. दगडी कमानींखाली आइस्क्रीमचं जुनं दुकान आहे; उन्हाळ्यात आंबा, थंडीत सीताफळ. फळांची बिस्किटं घरी न्यायची तीही इथेच जवळ.

सोमवार : रामोजी फिल्म सिटी

गंमत अशी की रामोजी याच महामार्ग ६५ वर आहे, फक्त शहराच्या पलीकडे विजयवाड्याच्या बाजूला, तीसेक किलोमीटरवर. १९९६ मध्ये सुरू झालेलं हे चित्रीकरण संकुल जगातलं सर्वात मोठं म्हणून गिनीजमध्ये नोंदलं गेलं आहे. शनिवार-रविवारची गर्दी सोमवारी निम्मीही नसते.

सकाळी साडेसातला लाल मार्गाने एल. बी. नगर, शेवटचं स्थानक. तिथून बस किंवा टॅक्सी. नऊच्या सुमारास फाटकावर पोचायलाच हवं. फाटकापासून मुख्य भागापर्यंत त्यांची बस नेते आणि त्यात अर्धा तास जातो. अकराला पोचणाऱ्याचे सकाळचे खेळ हुकतात, तिकीट मात्र तेवढंच, माणशी हजाराच्या बरंच वर. तिकीट ऑनलाइन काढावं आणि त्यात काय काय आहे ते नीट वाचावं.

आत शिरल्यावर खेळांच्या वेळांचा फलक दिसतो, त्याचा फोटो काढा आणि आधी स्टंट शोची वेळ धरा, कारण ती गॅलरी भरली की दार लावतात. सेट दाखवणारी लाल बस दुपारच्या जेवणाच्या वेळी घ्यावी, तेव्हा रांग सर्वात कमी. 'बाहुबली'चा सेट मोठा आहे, सावली मात्र नाही, टोपी लागते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आतलं महाग आणि यथातथाच, म्हणून सकाळी पोटभर इडली-डोसा खाऊन निघावं. लहान मुलांच्या पाळण्यांना उंचीची अट असते, तिकिटाआधी मुलाला ती सांगितलेली बरी.

साठीच्या पुढच्या मंडळींना हा दिवस जड जातो. चालणं पुष्कळ, आणि सिनेमाचं वेड नसेल तर चारच्या सुमाराला कंटाळा येतो. त्यांनी सरळ शहरात राहून कोटी-सुलतान बाजारात फिरावं. तिथे विवेकवर्धिनी शाळा आणि मराठी साहित्य परिषदेच्या आसपास मराठी कानावर पडते. बिर्ला तारांगणही चालेल. प्राणिसंग्रहालय आज बंद.

मंगळवार : परत

रामोजी साडेपाचच्या सुमाराला बंद होतं. त्याच रात्री गाडी हाकत सोलापूरला यायचा बेत करू नका, मध्यरात्र उलटते आणि हुमनाबाद-उमरगा पट्ट्यात मालमोटारी दिवे न लावता कडेला उभ्या असतात. रेल्वेवाल्यांना रात्रीची गाडी मिळते, पण रामोजीहून नामपल्लीला पोचायला दोन तास हाताशी ठेवा.

गाडी घेऊनच रामोजीला गेला असाल तर मंगळवारी शहरातून येऊ नका. पेद्द अंबरपेटला बाह्य वळण रस्त्यावर चढायचं आणि पटणचेरूजवळ मुत्तंगीला उतरायचं, की समोर पुन्हा महामार्ग ६५. शमशाबादकडून या किंवा मेडचलकडून, वळसा दोन्हीकडून जवळपास सारखाच, कारण हा रस्ता म्हणजे शहराभोवतीचं १५८ किलोमीटरचं कडं आहे. टोल लागतो, फास्टॅगमध्ये पैसे हवेत, दुचाकींना बंदी. सकाळी सातला निघालात तर अकराच्या सुमारास हुमनाबाद, आणि जाताना टाळलेल्या नळदुर्गच्या किल्ल्याला आता निवांत दोन तास देता येतात. पाणीमहालाच्या आतले जिने ओले आणि शेवाळलेले असतात, तिथे मुलांचा हात धरून उतरा.